'पोरगं बसून हाय' : बेकार, आळशी, की नुसतंच बसलेलं?

प्रश्न असा आहे : बीड, लातूर, धाराशिवकडच्या गावांत कामधंद्याची पाहणी करताना 'सध्या काय करता?' असं विचारलं की 'काय नाय, बसून हाव' किंवा 'पोरगं बसून हाय' असं उत्तर हमखास येतं. ते बेकार म्हणून नोंदवायचं, आळशी समजायचं, की माणूस तेवढ्यापुरता टेकलाय असं धरायचं? आणि अहवालात प्रमाण मराठीत काय लिहायचं?

आधी थोडक्यात सांगतो. 'बसून हाय' म्हणजे हाताला काम नाही. काम का नाही, हे त्या शब्दांत सांगितलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा दोषही दिलेला नसतो. म्हणून 'आळशी' हा अर्थ आधी बाजूला ठेवा. बाकीचं उत्तर लांब आहे, कारण 'बसणे' हे क्रियापद फार कामाचं आहे. माणूस परीक्षेला बसतो, दुकानावर बसतो, उपोषणाला बसतो. आवाज बसतो, विहीर बसते, धंदा बसतो, संसाराची घडी बसते. यांतल्या एकातही रिकामपण नाही. रिकामपणाचा अर्थ 'बस' या धातूत नाहीच, तो क्रियापदाच्या रूपात आणि मागच्या-पुढच्या शब्दांत आहे. ऐकताना कान तिकडे हवा.

रूपांपासून सुरुवात करू. 'तो बसला आहे' म्हणजे आत्ता बसलेल्या स्थितीत आहे, बस्स. 'तो बसतो आहे' म्हणजे बसण्याची क्रिया चालू आहे, अजून टेकायचाय. 'तो बसून आहे' यात 'बसून' हे पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय आणि त्याला 'आहे' जोडलेलं, म्हणजे एकदा बसला तो तसाच राहिला. इथे शरीराच्या बसण्याशी संबंध सुटतो. जो पोरगा 'बसून आहे' तो त्या घटकेला मोटारसायकलवर तालुक्याला गेलेला असू शकतो, आणि तरीही वाक्य खरंच असतं. 'बसून असतो' म्हटलं की ती सवय झाली, आणि बोलणाऱ्याच्या आवाजात नाराजी उतरायला लागते. 'नुसता बसतो' म्हटलं की सरळ ठपका. म्हणजे 'बसून आहे', 'बसून असतो', 'नुसता बसतो' या तीन पायऱ्यांत परिस्थितीवरून बोट माणसाकडे वळत जातं.

मराठवाड्याच्या बोलीत याच रूपांना वेगळे पोशाख आहेत. 'बसतो आहे' ऐवजी 'बसायलाय', 'करतो आहेस' ऐवजी 'करायलास', पहिल्या पुरुषात 'बसलो' ऐवजी 'बसलाव', 'आहे' ऐवजी 'हाव'. नेमकी रूपं जिल्ह्यागणिक, कधी तालुक्यागणिक बदलतात. पारावर कुणी 'काय करायलास?' विचारलं आणि 'काय नाय, बसलाव' असं उत्तर आलं, तर ती फक्त ख्यालीखुशाली झाली. तो माणूस सकाळभर औत हाकून आलेला असू शकतो. 'बसून हाव' म्हणाला, तर मात्र काम नसल्याचं सांगतोय. ऐकायला दोन अक्षरांचा फरक, पण पाहणीच्या कागदावर माणूस एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो. नवख्या पाहणी करणाऱ्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण पुण्याच्या कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

आता मागचे शब्द. 'बसणे'च्या आधी '-ला' आलं की बहुधा काहीतरी हेतू असतो : परीक्षेला बसला, राखणीला बसला, धरण्याला बसला, जेवायला बसला. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीत माळ्यावर गोफण घेऊन बसलेला म्हातारा पाखरं हाकत असतो. 'आबा माळ्यावर बसून हायेत' हे वाक्य ऐकून त्यांना रिकामं ठरवणाऱ्याने त्या माळ्यावर एक दुपार काढून बघावी. याला अपवादही आहे : 'उन्हाला बसणे' म्हणजे थंडीत सकाळी भिंतीला पाठ लावून ऊन खाणे. तिथे '-ला' असून हेतू ऊबच.

'-वर' आलं की ठिकाण बघावं लागतं. 'दुकानावर बसतो', 'गल्ल्यावर बसतो' ही कामं आहेत, 'पारावर बसतो', 'ओट्यावर बसतो' हे रिकामपण. आणि 'ती बाजारात बसते' म्हणजे आठवडी बाजारात भाजी, भाकरीचं सामान किंवा बांगड्या विकते, पोतं अंथरून दिवसभर. स्वतःचा धंदा करणारी बाई आहे ती. 'बैठं काम' हाही शब्द लक्षात ठेवा, शिंपी, सोनार, कारकून यांचं.

'-त बसणे' हा वेगळाच प्रकार. 'वाट बघत बसलो', 'मोबाइल बघत बसतो', 'माश्या मारत बसलाय'. इथे 'बसणे' हे सहायक क्रियापद झालंय आणि त्याचा अर्थ 'वेळ वाया घालवत करत राहणे' असा आहे. एक सोपी कसोटी लावा : 'बसतो' काढून पाहा. 'म्हशी राखत बसतो' मधून काढलं तर 'म्हशी राखतो', अर्थ फारसा गेला नाही, म्हणजे तिथे काम आहे. 'मोबाइल बघत बसतो' मधून काढलं तर 'मोबाइल बघतो', आणि सगळी चीड निघून गेली. म्हणजे तिथे 'बसतो' हा शब्दच चिडीचा होता. '-ऊन बसणे' याच्याशी याची गल्लत करू नका. 'सगळे पैसे बियाण्यात घालून बसला' यात रिकामपण नाही, होऊ नये ते करून ठेवल्याचा पश्चात्ताप आहे.

अजून दोन कसोट्या, रोजच्या कामाला पुरतात. पहिली काळाची. 'दिवाळीपासून बसून हाय' म्हणजे बेकारी, 'सकाळपासून बसून हाय' म्हणजे कुणाची तरी वाट बघतोय, तहसीलच्या दारात किंवा दवाखान्यात. दुसरी 'घरी' आणि 'घरात'ची. 'घरी बसून हाय' म्हणजे काम नाही. 'घरात बसून हाय' म्हणजे बाहेर येईना, रुसलाय, आजारी आहे किंवा ऊन फार आहे. ही सप्तमीची गोष्ट मराठी माणूस न चुकता पाळतो, पण अनुवाद करणारे हमखास चुकतात. याच 'घरी'वरून 'साहेबाला घरी बसवलं' म्हणजे नोकरीवरून काढलं किंवा निलंबित केलं. 'सातवीनंतर पोरीला घरी बसवलं' म्हणजे शाळा बंद केली. त्या पोरीला त्या दिवसापासून बसायला किती मिळतं, ते खाली येईलच.

माणूस 'बसून' असतो, पण बाकीच्या वस्तू 'बसून' नसतात. ट्रॅक्टर रिकामा असेल तर तो 'उभा' असतो : 'डिझेलाला पैसे नाहीत, ट्रॅक्टर नुसता उभा हाय'. रान 'पडीक' असतं, 'यंदा खालचं रान पडलं'. सोयाबीनचं भाव नसलेलं पोतं घरात 'पडून' असतं, बँकेतले पैसेही 'पडून'च. बैल मात्र माणसासारखे : 'बैल बसून खातायत', म्हणजे काम नाही, वैरण चालू. इथे 'खातायत' हा शब्द महत्त्वाचा, कारण हिशेब वैरणीचा आहे. कारखाना 'बंद' असतो, धंदा 'बसला' असतो. 'धंदा बसून आहे' असं कुणी म्हणत नाही. 'बसला' म्हणजे बुडाला, बसून राहायला तो उरलाच कुठे. थोडक्यात, मराठीत रिकामं असणं प्रत्येकाला आपापल्या देहाप्रमाणे मिळतं : चाकाचं उभं राहतं, धान्य नि जमीन पडते, माणूस नि जनावर बसतं. 'ट्रॅक्टर बसून आहे' असं अहवालात दिसलं की ते वाक्य दुसऱ्या भाषेतून आलंय किंवा कुणी शहरात बसून लिहिलंय, एवढं ओळखावं.

हाताला काम का नाही, हे सांगायला गावात वेगळे शब्द आहेत, आणि तुम्ही विचारलेल्या दोषाचा निकाल तिथे लागतो. काळ्या रानात दमदार पाऊस पडला की दोन-चार दिवस रानात पाय घालता येत नाही. माती चाकाला, फाळाला, चपलेला चिकटते. 'वापसा नाय, म्हणून बसून हाव' हे त्या दिवसांतलं उत्तर (वापसा म्हणजे जादा ओल उतरून रान कामाजोगं होणं). माणूस शेतकरी आहे, काम आहे, फक्त आज करता येत नाही. उलट 'खाडा' हा शब्द माणसाच्या बाजूचा. सालगडी किंवा मजूर स्वतःहून आला नाही तर 'खाडा केला', आणि तो हिशेबात कापला जातो. साल गुढीपाडव्याला धरतात आणि पुढच्या पाडव्याला फिटतं, तेव्हा खाडे मोजूनच हिशेब होतो. म्हणून पाऊस पडला म्हणून काम झालं नाही ते 'बसणं' की 'खाडा', यावर मालक आणि गडी यांचं भांडण होतं. शब्दाचा वाद वाटतो, पण तो रोजाच्या पैशाचा असतो.

ऊसतोडीच्या टोळीत हे आणखी टोकाला जातं. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते आणि पैसे टनावर मिळतात. कारखान्याचं मशीन बिघडलं, किंवा तोडीची चिठ्ठी आली नाही, तर 'टोळी बसून हाय' किंवा 'आज कोयता बसला'. त्या दिवशी टन शून्य, म्हणजे उचल फिटायला आणखी एक दिवस लांबला. इथे 'कोयता' म्हणजे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. अशा माणसाच्या तोंडून 'चार दिवस नुसतं बसलाव' आलं, तर त्यात आरामाचा लवलेश नसतो. हे वाक्य कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं, बीडमधल्या केजकडच्या माणसाला नाही.

याच्या उलट बाजूला 'बसवून ठेवणे' आहे. मालक गडी धरतो, पण काम निघत नाही, तेव्हा तो 'गड्याला बसवून रोज द्यायला लागला' म्हणतो. त्यातला दोष कुणावरच नाही, फक्त पैसा गेला.

शेजारच्या शब्दांकडे थोडं बघून घ्या, कारण प्रश्न विचारताना तुम्ही ते वापरणार. 'बेकार' हा शब्द पाहणीत तोंडाने कधीच विचारू नका. मूळ फारसी अर्थ 'कामाविना' असला तरी बोलण्यात आता 'लई बेकार हाय' म्हणजे 'फार वाईट आहे'. 'तुमचा मुलगा बेकार आहे का?' असं आईला विचारणं म्हणजे पोराला वाईट चालीचा म्हणणं. पुढचे प्रश्न विचारायची गरज मग उरत नाही. 'रिकामा' हा जपून वापरायचा शब्द. 'रिकामा हायेस का? जरा पोतं उचलू लाग' यात काही वावगं नाही, पण 'रिकामाच दिसतोस' हा टोमणा. 'मोकळा' बरा, 'कधी मोकळे असता?' यात मान आहे. 'रिकामटेकडा' कागदावर लिहू नका, ती शिवी आहे.

'खाली'ची भानगड या भागात खास आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले, आणि गावोगाव दखनी बोलणारे शेजारी आजही आहेत. त्यामुळे मराठीतला 'खाली' म्हणजे तळाशी आणि उर्दूतला 'ख़ाली' म्हणजे रिकामा, हे दोन्ही एकाच तोंडात नांदतात. 'खाली बस' म्हणजे जमिनीवर बस, 'खाली बसलाय' म्हणजे जमिनीवर किंवा बिनकामाचा, 'जागा खाली हाय' म्हणजे रिकामी जागा. खालच्या मजल्यावर बसलेल्या माणसाबद्दल विचारायचं असेल तर शब्द बदलून विचारा. आणि 'उगं बस' म्हणजे रिकामा बस असं नाही, 'गप बस' आहे. एखाद्या आजीने तुम्हाला तसं म्हटलं तर लिहिणं थांबवून ऐकून घ्या.

(शहरात 'आज बसायचं का?' म्हणजे काय, हे पाहणीत येत नाही. आलंच तर त्याचं उत्तर वेगळ्या तक्त्यात.)

खरा ठपका ठेवणारी क्रियापदं वेगळी आहेत. 'उंडारणे' मोकाट सुटलेल्या जनावराला आणि त्याच्यासारख्या फिरणाऱ्या माणसाला लागतं. 'हुंदडणे' पोरांचं, त्यात थोडं कौतुक असतं. 'लोळणे' म्हणजे वेळ असूनही न उठणे. 'टंगळमंगळ' म्हणजे काम समोर आहे आणि हात चालत नाही. 'चुकारपणा' म्हणजे कामाची पाळी आली की गायब. हे शब्द ऐकलेत तर बोलणाऱ्याला माणसाबद्दल काय वाटतं ते कळतं. कामाबद्दल मात्र काहीच कळत नाही, कारण 'उंडारतो' म्हणणारा बाप त्याच पोराला सकाळी पाणी धरायला पाठवत असतो.

लातूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड अशा शिकवणीच्या शहरांमुळे आणखी एक जोडी तयार झाली आहे. बाप म्हणतो 'पोरगं बसून हाय', पोरगा म्हणतो 'तयारी करायलोय', आणि दोघं एकाच माणसाबद्दल बोलत असतात. तयारी पोलीस भरतीची असेल, तलाठ्याच्या परीक्षेची असेल. यात कुणाचं खरं, हे ठरवणं पाहणी करणाऱ्याचं काम नाही. विचारायचं एवढंच : कुठे नाव घातलंय का, वर्गाला जातो का, आणि आत्ता काम मिळालं तर जाणार का.

आता नोंदणीकडे. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीत (पीएलएफएस, ही २०१७ पासून चालू आहे) जे संकेतांक वापरतात, त्यांच्या चौकटीत 'बसून हाय' बसवायचं तर त्याचे चार-पाच तुकडे पडतात. गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी तासभर जरी काम केलं असेल, तर साप्ताहिक हिशेबात माणूस कामावरच धरला जातो, तो स्वतःला 'बसून' म्हणत असला तरी. स्वतःचं रान आहे पण वापसा नव्हता म्हणून आठवडाभर गेला नाही, तर ६२ : घरच्या कामधंद्यात काम होतं, पण आजाराखेरीज इतर कारणाने केलं नाही. काम मागत फिरला, मिळालं नाही, तर ८१. मागत फिरला नाही पण मिळालं तर जाईल, तर ८२. मराठवाड्यातल्या पारावरची बहुतेक 'बसून' मंडळी या शेवटच्या जागी येतात, आणि तीच नेमकी चुकून 'कामाची इच्छा नाही' मध्ये जातात. कारण प्रश्न 'काम शोधता का?' असा विचारला जातो आणि उत्तर येतं 'कुठं शोधावं?'. ते नकार म्हणून लिहिलं जातं. म्हणून 'शोधता का' विचारून झालं की लगेच 'उद्या कुणी बोलावलं तर जाल का?' हे विचारा. 'जाईना काय मग!' असं आलं की ८२.

दोन काळ एकत्र करू नका. वर्षाचा हिशेब वेगळा, आठवड्याचा वेगळा. चैत्र-वैशाखात विचारलं तर अर्धा गाव 'बसून' असतं, सोयाबीन काढणीच्या वेळी तोच गाव सापडत नाही. वर्षात ३० दिवस तरी एखादं दुय्यम काम केलं असेल तर तेही नोंदवावं लागतं, म्हणून एकामागून एक हंगामाचं नाव घेऊन विचारा : पेरणीत काय केलं, खुरपणीत, काढणीत, वेचणीत, ऊस तोडायला गेला का. 'वर्षभर काय करता' या एका प्रश्नाला माणूस कालचंच उत्तर देतो.

सगळ्यात मोठी गळती बायकांच्या बाबतीत होते. सासू किंवा नवरा सांगतो 'ती घरीच असते, बसूनच असते', आणि लिहिणारा ९२ लिहून मोकळा होतो, म्हणजे फक्त घरकाम. तीच बाई पहाटे शेण काढते, दूध काढून डेअरीला पाठवते, दुपारी शेळ्यांना पाला आणते, श्रावण-भाद्रपदात खुरपायला आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला जाते. घरच्या रानात आणि घरच्या जनावरांत बिनपैशाची मदत असेल तर ती २१. दुसऱ्याच्या रानात रोजाने गेली तर ५१. वेचणी किलोवर असेल तरी ५१ च. 'काम करता का?' असं तिला विचारलं तर ती स्वतःच 'नाय, घरीच असते' म्हणते. कारण गावाच्या बोलीत 'काम' म्हणजे रोजाचं काम, घरचं ते काम नव्हे. म्हणून 'काम' हा शब्दच सोडून द्या आणि क्रियापदं विचारा : खुरपलं का, वेचलं का, शेळ्या चारल्या का, दूध घातलं का, गुत्त्यानं काही घेतलं का. गुत्तं म्हणजे ठरावीक कामाचा एकठोक भाव ठरवून घेतलेलं काम, हा शब्द इथे चालतो, 'कंत्राट' म्हटलं तर तिला रस्त्याचा गुत्तेदार आठवतो. आणि नवऱ्याच्या समोर विचारलं तर उत्तर तोच देईल. शक्य असेल तर चुलीपाशी जाऊन विचारा.

अहवालात 'बसून आहे' जसंच्या तसं लिहू नका, कारण वाचणारा त्याचा अर्थ स्वतःच्या गावाप्रमाणे लावेल. 'सध्या काम नाही, मिळाल्यास करण्यास तयार', 'स्वतःची शेती, पावसामुळे आठवडाभर काम बंद', 'घरच्या शेतीत व जनावरांत मदत' असं त्या-त्या माणसाचं लिहा. शेऱ्याच्या रकान्यात मात्र उत्तरदात्याचे मूळ शब्द अवतरणात टाका, 'बसलाव' की 'बसून हाव', 'घरी' की 'घरात', 'खाडा' की 'बसावं लागलं'. संकेतांक चुकला असेल तर तपासणाऱ्याला त्या एका ओळीवरून तो दुरुस्त करता येतो.